ख्याती

एकतीस मार्च, निपाणी शाखा, रात्रीचे साडेनऊ.
खालच्या वखारीतला तंबाखू जिन्यावरून वर येतो
आणि मी कंपनीचं काय काय आहे
ते लिहून काढतेय.

रोखे आधी. ते सोपे.
सरकारी, मुदत दोन हजार एकेचाळीस,
घेतले एकशे चारला, परत मिळणार शंभर.
वरचे चार रुपये दरवर्षी थोडे थोडे उतरवायचे,
पातेल्याच्या कडेची साय काढावी तसे.
बाजार चढला, पडला,
आपण शेवटपर्यंत धरून बसणार म्हटलं
की वहीला काही ऐकू येत नाही.

शेअरांचं तसं नाही.
त्यांना विचारावंच लागतं, आज कितीला रे तू?
वाढलेलं दिसतं, पण विकल्याशिवाय आपलं नाही.
वेगळ्या खात्यात ठेवायचं,
शेजारणीनं गावाला जाताना दिलेल्या डब्यासारखं.
उघडायचं नाही.

मग ती ओळ:
ख्याती, एक कोटी ब्याऐंशी लाख.

बंगळूरच्या कंपनीनं आमची वेदगंगा म्युच्युअल घेतली
तेव्हा सगळं मोजलं होतं. पंखे, रोखे, येणी, देणी,
बंद पडलेली जीपसुद्धा धरली साडेअकरा हजारांना.
बेरजेपेक्षा जास्त दिले.
जास्त कशाचे, ते कुणाला नीट सांगता येईना,
म्हणून त्या पैशाला नाव दिलं.

मला ठाऊक होतं कशाचे.
जिनाप्पा मगदूम. लुनावर.
हँडलला ताडपत्रीची पिशवी,
बेनाडी, भोज, गळतगा, मांगूर.
फॉर्म कन्नड, प्रश्न मराठी,
आणि उंबऱ्यातल्या म्हाताऱ्याला, आराम अदीरी?
जन्मतारीख काय, तर
कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढची दिवाळी;
एवढ्यावर तो साल बरोबर लिहायचा.
हुसेनबी मुल्लाच्या नवऱ्याचा चेक
चौथ्या दिवशी तिच्या दारात नेऊन दिला.
दिवस मावळला होता,
पाणीसुद्धा घेतलं नाही.

एकतीस वर्षं तो आमच्या वहीत नव्हता.
आपली आपण कमावलेली ख्याती लिहायची नसते,
दुसऱ्यानं विकत घेतली तरच तिला आकडा.
विकलो गेलो त्या दिवशी
मगदूम पहिल्यांदा ताळेबंदात आला,
नाव न घालता.

ख्यातीला आमच्याकडे घसारा नाही.
वर्षातून एकदा विचारायचं फक्त,
आहे का अजून तेवढी?

ऑडिटर हेब्बार, कुंदापूरकडचा, पोरगेलासा, सभ्य.
पुढच्या पाच वर्षांचे हप्ते
आजच्या भावात आटवत बसलाय.
मॅडम, गळतग्यात नूतनीकरण एवढं का पडलं?
मगदूम गेले, मी म्हणते. भाद्रपदात.
ओ. सॉरी.
मग जरा थांबून, त्यांच्या जागी कोण?
ॲप आहे.
ॲपला अकरा भाषा येतात.
कोयनेचा भूकंप एकीतही नाही.

साठ लाखांची घट निघाली.
नोंद मीच केली,
नफा-तोटा नावे, ख्याती जमा.
रोख्याची पत गेली आणि पुन्हा सुधारली
तर काढलेलं परत लिहिता येतं.
ख्यातीचं येत नाही.
परीक्षेला हा नियम मी कायम उलटा लिहायचे.

हेब्बारला कोल्हापूरची शेवटची गाडी गाठायची होती.
लॅपटॉप मिटता मिटता त्याला
खिळ्यावरची पिशवी दिसली,
ताडपत्रीची, बंद शिवून काढलेला,
आत पावतीपुस्तकं, पेन्सिलीचा तुकडा,
आणि वेलदोड्याचा वास अजून.
हे कशात धरलंय मॅडम?

माझी आहे, मी म्हटलं.