एकास बहात्तर

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, मागची खोली.
दिवसा इथे मी कवळ्या करतो.
डॉक्टरांकडून डबे येतात चिठ्ठ्यांसकट:
खालची पूर्ण, रंग मध्यम, घाई आहे.
रात्री तेच चिमटे, तीच बारीक कानस,
आणि दिव्याखाली हंटर,
बहात्तर पटींनी आटवलेलं लढाऊ विमान,
वीतभरही नाही.

खोका जुना. ठाण्याच्या एका दुकानदाराने
माळ्यावरून काढून दिला, धुळीचे पैसे न लावता.
पाण्यात सुटणारी गोल निशाणं पिवळी पडलेली,
ती खिडकीच्या काचेला चिकटवली, उन्हाकडे तोंड करून.
पंधरा दिवसांत पांढरं पुन्हा पांढरं झालं.

पावसाळ्यात रंग मारायचा नाही
हे शिकायला मला तीन विमानं लागली.
खाडीची हवा रंगात शिरते,
हिरव्यावर साय धरते.
म्हणून दसऱ्यापर्यंत नुसते सांधे घासले,
पुट्टी, पाणी, हजार नंबरचा कागद,
मग डोळे मिटून बोट फिरवायचं:
पंख आणि धड वेगळे जन्मले होते
हे बोटाला कळता कामा नये.

आरोसकर आले ते कवळी टोचते म्हणून.
काढून माझ्या हातात दिली, आणि टेबलाकडे बघत
काहीतरी म्हणाले. दातांशिवाय तो शब्द
नुसता वारा होऊन आला.
चष्मा कपाळावर चढवला, वाकले.
कवळी परत मागून घेतली, बसवली, मग म्हणाले,
"फार स्वच्छ आहे हो."

"नाकाखाली, तोफांच्या मागे, काजळी हवी.
पोटावर तेल. ओघळ मागे जाऊ देत, वाऱ्याच्या अंगाने.
आम्ही पुसायचो, ते परत यायचं.
आणि पंखाच्या मुळाशी रंग उडालेला दाखवा,
तिथे बूट पडतात. आमचे."

हे मला कळायला हवं होतं.
कवळीच्या दाताला मीच तर मुळाशी
चहाची छटा देतो, एखादी चीर देतो,
नाहीतर माणूस हसला की उघडा पडतो.

कवळी बसली, तरी ते दर मंगळवारी येत राहिले.
शेपटीवरचा आकडा त्यांनी सांगितला. शेवटी तीन.
माझ्याकडच्या कागदावर तीन उरला नव्हता,
आठाची डावी बाजू ब्लेडने कापली.
तीनच का, विचारलं नाही.

मग वैमानिक. मुगाच्या दाण्याहून लहान शिरस्त्राण,
त्यावर चकाकीचा एक ठिपका,
श्वास रोखून दिलेला.
"ह्याला आत बसवू नका," आरोसकर म्हणाले.
"काच उघडी ठेवा. डाव्या अंगाला शिडी लावा."

खोक्यात शिडी नव्हती.
दातांची तार होती. वाकवली, डाख दिला, नऊ पायऱ्या केल्या.
"सात," ते म्हणाले.
"सहावीवर थांबून तो नाक शिंकरायचा.
बारा महिने सर्दी. वर जाऊन कान दुखायचे,
पण डॉक्टरला सांगायचा नाही, उडू देणार नाहीत म्हणून.
तो बसला की शिडी मी काढायचो."
बराच वेळ पंखा फिरत राहिला.
"एकाहत्तरच्या डिसेंबरात पण
मीच काढली."

दोन पायऱ्या मी कापून टाकल्या.

जाताना त्यांनी वैमानिक मागितला.
कवळीच्या डबीत कापूस घालून दिला,
वरची चिठ्ठी काढायची राहिली:
खालची पूर्ण, रंग मध्यम.

विमान कपाटावर आहे. तिथे फडका मारायचा नाही
एवढं घरात ठरलंय.
शिडीची तार मात्र अजून नागडी चकाकते.
पिवळी होती म्हणतात. मी दहा पिवळे कालवून दाखवले,
हळदीचा, लिंबाचा, एसटीच्या पाटीचा.
आरोसकर प्रत्येक वेळी मान हलवतात.
पुढच्या मंगळवारी अकरावा.