डावऱ्या हाताची पेटी

कोरे गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान, शहापुरात.
टेबलावर अत्तराच्या बाटल्यांची एक जुनी पेटी,
वीतभर लांब, चार बोटं उंच,
अंगावरचं रेशीम निम्मं कसरीनं खाल्लेलं.
गिऱ्हाईक म्हणालं, हिला हात लावू नका,
हिच्यासारखी दुसरी करा.

मौनेश बडिगेरनं खानापूरहून फणसाचं लाकूड आणलं.
खिळा नाही, नुसती सांधणी.
चिंचोके भिजवून, सोलून, वाटून
मी खळ शिजवली, चिमूटभर मोरचूद टाकून.
(कसरीची पुढली पिढी उपाशी मरू दे.)
वडगावच्या तिप्पव्वानं धाग्याला पीळ दिला
मांडीवर चाती फिरवत. मी घाई केली की
"निधान," म्हणायची, "रेशीम रागावतं."

जुनं अस्तर वाफेवर सोडवलं.
खाली रद्दी: मोडीत सुपारीचा हिशेब,
त्याच कागदाच्या पाठीवर कन्नडात
कुणाच्या तरी बाळंतपणाचा खर्च.
तूप, डिंक, सुईण.
शाई दोन्हीकडून आरपार उतरलेली,
सुपारीला थोडं तूप लागलेलं.

सगळं जमलं, कोपरा जमेना.
मूळ पेटीवर धागा कोपऱ्याशी येतो,
एक आडवी अढी घेतो आणि वळतो.
माझा घसरतो.
चारदा उकललं.
मौनेश म्हणाला, त्याची चूक असेल, सोडा की.
मी भिंग लावून बसले.
वाळल्या खळीत अंगठ्याचा ठसा होता,
माझा अंगठा जिथं कधीच पोचला नसता अशा जागी.

म्हणजे आठवडाभर मी
एका डावऱ्या माणसाची
उजव्या हातानं नक्कल करत होते.

तिप्पव्वा हसली. म्हणाली,
डावऱ्याला मागावर बसू देत नसत आमच्यात,
धोटा उलटा जातो म्हणून.
मग तो पेट्या मढवत बसला असेल.
खरं की तिनं तिथंच रचलेलं, कोण जाणे.

धागा डाव्या हातात घेतला.
बोटं बालवाडीतली.
अकराव्या फेरीला अढी बसली,
आणि मी उगीच मागं वळून बघितलं.

नव्या अस्तराखाली चिकटवायला
घरात होतं ते घेतलं:
विजेचं बिल, कन्नडातलं, भरलेलं.
पाठीवर माझा हिशेब:
चिंचोके, मोरचूद, फणसाची फळी,
तिप्पव्वाचे तीनशे.
ते अजून द्यायचेत.