परखी

चाळीस वर्षं मी पोत्यांच्या पोटात परखी खुपसली,
सांगलीच्या मार्केट यार्डात, रुंद तोंडाची परखी.
दोन-चार हळकुंडं बाहेर. एक मोडायचं, कडक्कन.
गाभा बघायचा: केशरी, फिका, का पोकळ.
मग रुमालाखाली बोटं, आणि भाव.

आता पोतं मी.

आधी खोकला आला. म्हटलं धुळीचा, पेठेत सगळेच खोकतात.
मिरजेत छातीचा फोटो काढला.
डॉक्टरीणबाई तो उजेडावर धरून म्हणाल्या,
नेमगोंडा आप्पा, इथं सावली आहे.
कशाची, ते फोटो सांगत नाही.
धोतरावर हळदीचा डाग दिसतो तो दिसतोच,
घरात जखम झाली का लग्न, ते डागाला कुठं माहीत.

मग सीटी. गोल तोंडाचं यंत्र, फळी आत सरकते,
भिंतीतून बाई बोलते: श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
इतका सांगेल तसा श्वास मी जन्मात घेतला नव्हता.
न कापता माणसाच्या चकत्या पडतात.
आमच्या गल्लीतली तहसीन बागवान तिथं मशीनवर असते,
एकेक चकती सरकवत दाखवत होती पोर:
हा काळजाचा ठोका धरलाय बघा, हा यकृताचा काठ,
आणि हे, आप्पा...
थांबली. पुढचं सांगणं तिचं काम नव्हे.
दीड सेंटिमीटर, कागदावर वाचलं नंतर.
बियाण्याच्या गड्ड्याला डोळा असतो ना, तेवढं.

डोक्यासाठी एमआरआय. आत मोठं लोहचुंबक.
बारशापासूनचा करदोडा कात्रीनं कापला,
चांदीला चुंबक ओढत नाही म्हटलं, ऐकतंय कोण.
अर्धा तास हळद पॉलिश करायच्या ड्रममध्ये पडून होतो.
बाहेर आलो तर वाटलं, आता चकाकत असणार.

आणि शेवटी पेट.
पेट घेणं यातला पेट, असंच मला वाटलं,
आणि फार चुकलं नाही.
सहा तास उपाशी, मग शिरेतून साखर,
साधी नव्हे, खूण केलेली.
तासभर अंधाऱ्या खोलीत ब्लँकेट पांघरून गप्प.
बोलायचं नाही. बोललं तर जीभ साखर खाते म्हणे.
जो हावरा, तो आधी खातो. जिथं हाव, तिथं उजेड.
पण उजळलं ते सगळं वाईट नव्हे, बाईंनी बजावलं.
मेंदू उजळतो, तो कायमचाच खादाड.
मूत्राशय उजळतं, साखर तिथूनच निघते.
भरत आलेली जखमसुद्धा उजळते.

हरिपूरला पेव उघडलं की
आधी दोरीनं कंदील खाली सोडायचो.
विझला तर उतरायचं नाही.
थोरला भाऊ एकदा थांबला नव्हता.
त्या खोलीत तोच आठवत बसलो. बोलायचं नव्हतंच.
कंदील माझ्यात सोडलेला,
आणि काठावरून कोण कोण वाकून बघत होतं.

संध्याकाळी घरी आलो तर चार्वी दारात, हात पसरून.
लांब थांब, म्हटलं. आजोबात आज औषधाचा उजेड आहे,
रात्रीपर्यंत पोरांनी जवळ यायचं नाही.
तिनं सोप्यातला दिवा घालवला.
बराच वेळ बघत राहिली माझ्याकडं.
"काहीच दिसत नाही," म्हणाली, आणि हिरमुसून आत गेली.

रिपोर्ट आला. उजव्या बाजूला एक, बाकी कुठं नाही.
एवढ्या यंत्रांनी जागा सांगितली, नाव नाही सांगितलं.
नावासाठी गुरुवारी बरगड्यांमधून सुई घालून
कणभर काढून बघणार.
म्हणजे परखी, मी म्हटलं.
बाई हसल्या, कळलं नसावं.

परखी काढली की अंगठ्यानं
तागाचे धागे दोन्ही बाजूंनी सारखे करायचे असतात,
भोक बुजतं, माल सांडत नाही.
ते करता ना, एवढंच विचारलं.