लाभ, दोन, तीन

माणसं मोजू नयेत असं आमच्यात म्हणतात,
नजर लागते.
म्हणून मी वरच्या सज्जातून
धान्य मापावं तशी मापते खालची डोकी:
लाभ, दोन, तीन.

लाभ म्हणजे हनोकभाई अष्टमकर,
रेल्वेतून रिटायर झाले तरी
दर पाच मिनिटांनी घड्याळ बघणारे.
दोन आणि तीन भास्तेकर बंधू,
पार्किंगवरून चार वर्षं अबोला,
आमेन मात्र एका सुरात.
पाचवा दातांचा डॉक्टर, मास्क अजून गळ्यात.
सातवा दिवेकरांचा धाकटा,
गेल्याच महिन्यात तेरा पुरे केले त्याने,
तेव्हापासून फोन उचलताना आवाज जाड काढतो.
आठ. नऊ.
नवावर येऊन माप थांबलं.

आज बेन्झायनला जाऊन सहा वर्षं झाली.
कद्दिशला दहा लागतात.
मी धरून दहा होतात,
पण मला धरत नाहीत.

फोन लावले.
पेझारकर वाघोलीहून निघालेत,
म्हणजे उद्या पोचतील.
रूबेन हिंजवडीत, मीटिंगमध्ये,
कुजबुजत सॉरी म्हणाला.
गेटवरच्या हवालदाराने खुर्चीतूनच विचारलं,
"काकू, किती झाले?"
"नऊ."
"च्च. मी चालत असतो तर आलो असतो हो."
खरंच आला असता.

तेवढ्यात क्वार्टर गेटकडून एक रिक्षा आली.
उतरला तो पोरगा कोरेगाव पार्कातला,
दंडावर मासा गोंदलेला,
कोल्हापुरीचा एक अंगठा तुटलेला.
त्याला फक्त इमारत बघायची होती.
हवालदाराने पासपोर्ट उलटसुलट केला,
मग मान वर करून मला
दोन्ही हातांची बोटं दाखवली.
दहाच्या दहा.

हनोकभाई त्याच्याशी हिब्रूत बोलायला गेले.
त्यांची हिब्रू देवाशी बोलायची,
लहानपणी देवनागरीत लिहून पाठ केलेली.
त्याची हिब्रू बस थांबवायची,
टोमॅटोचा भाव पाडायची.
दोघांनी इंग्रजीवर तडजोड केली.
त्याच्या डोक्यावर बांधलेला बुचडा,
त्यावर टोपी राहीना.
एकदा घसरली, दोनदा घसरली,
शम्माश हताश.
मी केसांतली पिन काढली
आणि वरून टाकली.

मग कद्दिश झाला.
भाचा अडखळला एका ठिकाणी,
दरवर्षी तिथेच अडखळतो.
योनातान अश्दोदला बेकरीत आहे, तोही म्हणेल.
तिकडे दहा जमवायला कष्ट नाहीत म्हणे,
बसस्टॉपवरसुद्धा मिळतात.
असतील. पण त्याचा बाप इथे आहे.

खाली टेबलावर मलिदा मांडला:
भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची,
केळी, खजूर, कडेला सब्जाची डहाळी.
डहाळी हुंगून झाली, आशीर्वाद झाले,
तो पोरगा ताटलीत बोट घालून म्हणाला,
हे तर पोहे!
गेस्टहाउसात रोज खातो. कांदा कुठेय?
भास्तेकर बंधू हसले,
एकमेकांकडे बघून हसले,
मग आठवलं आणि थांबले.
मी सांगितलं, बाबा रे, हे एलियाहूचं ताट आहे,
इथे कांदा नाही.
त्याने दोनदा मागून घेतलं.
हवालदाराची ताटली मी स्वतः नेली,
वर खोबरं जास्त.

तुम्ही इथे कधीपासून, असं विचारत होता तो.
हनोकभाईंनी सुरुवात केली,
जहाज फुटलं, किनारा, तेलाचे घाणे,
शनिवारी बैल सोडायचे...
अलिबागपर्यंत येता येता त्याची रिक्षा आली.

रात्री योनातानचा फोन. तिकडे अजून उजेड,
मागे पावांचे ट्रे वाजत होते.
"आई, जमले का?"
"जमले."
"दहावा कोण?"
तुमच्याकडचाच कुणीतरी, म्हटलं.
नाव विचारायचं राहिलं.
माझी पिन घेऊन गेला.