गुणक

सेक्रेटरी वैद्यनाथन विचारतात,
हा कॅमेरा नक्की कोणाकडे बघतो?
मी म्हणते, वर.
ते वर बघतात. टाकीवर एक कावळा.
बी विंगच्या खिडक्या येत नाहीत ना त्यात?
नाही. हवं तर लेखी देते.

चेंबूर, डिसेंबरची तेरा तारीख.
माहुलकडे रिफायनरीची ज्योत, तिच्यावरचा धूर
खालून भाजल्यासारखा.
तिसऱ्या प्रतीपलीकडचा तारा इथे उमटतच नाही.
मृगातला बाण तेवढा
रुतलेला दिसतो, रुतायला हरीण नसताना.

कॅमेरा सेकंदाला पंचवीसदा पापणी लवतो.
सकाळी आधण ठेवून मी रात्र निवडायला घेते,
तांदूळ निवडावेत तशी.
हे विमान. हे विमान. हे वटवाघूळ.
हा कुणाच्या तरी वरातीतला बाण.
हे विमान.
ही...

अकरा चौकटी. अर्धा सेकंदही नाही.
तिच्या मागे रेघ ओढत नेली
तर पुनर्वसूच्या जोडीपाशी जाऊन टेकते.
अशा एकोणीस जणी. चहा उतू गेला.

पण एका डोळ्याला उंची कळत नाही.
दुसरा डोळा मुरबाडला,
आश्रमशाळेच्या पत्र्यावर, हरेश वाघेरेंच्या ताब्यात.
मध्ये छप्पन्न किलोमीटर. आम्ही अजून भेटलेलो नाही,
फोनवर फक्त वेळा सांगतो एकमेकांना,
तास, मिनिटं, सेकंद, सेकंदाचा चुरा.
गेल्या वर्षी त्यांचं घड्याळ चार सेकंद मागे पडलं
आणि त्यांची माझी एकही जुळेना.

यंदा म्हणाले, मॅडम, माझ्याकडे दोनशे चौदा!
मी पाहिल्या. भिंगावर पाल होती.
रात्रभर शेपूट हलवत होती बया.
हे सांगितलं तर इतके हसले
की पोरं गोळा झाली त्यांच्याभोवती, मला ऐकू येत होतं.

पाल तीनला गेली. तीन बाराला एक जुळली:
लागली सत्त्याण्णव किलोमीटरवर,
विझली ब्याऐंशीवर.
दोन अनोळखी गच्च्यांमधली ही एकच
पक्की गोष्ट.

आता तक्ता.
आकाश उजळ होतं, म्हणून गुणायचं.
मिथुन रास कलती होती, म्हणून गुणायचं.
दोन ते अडीच वीज नव्हती, त्याचंही.
उत्तर येतं ते दिसल्या त्यांचं नाही,
काळोख असता तर दिसल्या असत्या त्यांचं.
ताशी एकशे बारा.
न पाहिलेल्यांची बेरीज, आणि खाली माझी सही.

तुमच्याकडे तर काळोख आहे, मी म्हटलं,
कॅमेरा जाऊ दे, नुसत्या डोळ्यांनी किती?
पोरं गोधड्या घेऊन पटांगणात पडली होती, ते म्हणाले.
पण धाकट्यांना शंभरपर्यंतच येतं.
मग पुन्हा एकपासून.
कितीदा पुन्हा,
ते कुणी लिहून ठेवलं नाही.