बुडबुडा

ट्वोरोयरीच्या धक्क्यावर, खारवलेल्या कॉडच्या जुन्या गोदामात
माझं दुकान आहे. दारावर पाटी नाही.
ज्याला यायचं तो वास घेत येतो.

आज हायनी आला. बगलेत, लोकरीच्या फाटक्या स्वेटरात गुंडाळून,
आजोबांचं होकायंत्र, 'सूलन' जहाजावरचं.
"बिघडलंय," म्हणाला. "आत बुडबुडा आहे."

पितळेची जड वाटी, एकात एक अशा दोन कड्यांत टांगलेली.
जहाज कसंही लोळो, हिनं सपाट राहायचं.
मी ती कलती केली.
बुडबुडा काचेखालून पेंगुळल्यासारखा सरकला,
ईशान्य ओलांडून दक्षिणेला जाऊन बसला.

हायनी बँकेत कामाला. समुद्राची त्याला ओकारी येते.
म्हणून सांगत गेले, हात चालू ठेवून:
ही अभ्रकाची तबकडी, हिच्यावर बत्तीस दिशा,
पोटाखाली चुंबकाच्या सुया, जोडीजोडीनं.
मधे मसुराएवढी माणकाची टोपी,
ती टेकते एका टोकावर, आणि तेही जेमतेम,
कारण बाकीचा भार द्रवानं उचललेला असतो.
लोकांना वाटतं तबकडी फिरते.
फिरतं ते जहाज.
ओकच्या फळ्या, मिठाची पोती, बावीस माणसं, त्यांची भांडणं,
सगळं हिच्याभोवती फिरतं,
आणि वाटीच्या आतली ही काळी रेघ सांगते
नाळ आत्ता कुठे बघतेय.

"आणि हा लाखेचा थेंब?"
तो दक्षिणेच्या अंगाला.
इतक्या वर, आपल्या बेटांवर, पृथ्वी सुईला
पुढे कमी, खाली जास्त ओढते.
उत्तरेचं टोक नाक खुपसायला बघतं पाण्यात.
एवढ्याशा लाखेनं ते वर धरायचं.

"आणि पाणी?"
पाणी गोठतं. म्हणून जवळजवळ अर्धी दारू.

तो हसला. "म्हणजे ते खरं.
आमच्याकडे सगळे सांगतात, स्वयंपाकी रासमुस
होकायंत्रातली दारू प्यायचा.
म्हणून त्या वसंतात आइसलंडच्या धुक्यात
'सूलन' खडकावर गेली.
माणसं वाचली. आजोबांना पुन्हा कुणी जहाज दिलं नाही.
रासमुसला तर गावात कुणी मीठसुद्धा उसनं दिलं नाही."

मी वाटी उलटी केली.
भरायच्या भोकाचा स्क्रू. त्याची खाच झिजून रुंद झालेली,
एका बाजूला जास्त.
स्क्रू-ड्रायव्हरनं असं होत नाही.
सुरीनं होतं. एकदा नाही, खूपदा.

वाटी बांधून आणलेला दोरा तेवढ्यात त्याच्या बुटात अडकला.
त्यानं खिशातून चाकू काढून कापला.
शिंगाची मूठ, पात्याचं टोक
एका बाजूला घासून गोल झालेलं.
"आजोबांचा," म्हणाला. "डेम्मुस कोरलंय बघा."

मी बघितलं.
मग माझा स्क्रू-ड्रायव्हर शोधला. तो समोरच होता.

दारू कोमट करून भरायची असते, धार न तोडता,
भोक वर करून, वाटीला बोटानं टिचक्या मारत.
कोपऱ्यात दडलेली हवा मण्यामण्यानं वर येते.
शेवटचा मणी हट्टी असतो. त्याला वेळ द्यावा लागतो.
हायनी खिडकीपाशी उभा होता. धक्क्यावर
कुणाची तरी होडी मागे मागे घेत होते.

"बुडबुड्यानं सुई चुकते?"
त्यानं मागे न वळता विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "एवढ्याशानं नाही.
दारू फारच कमी झाली तर तबकडी जडावते,
अडखळते, उशिरा सांगते.
जवळ लोखंड ठेवलं तर मात्र चुकते."

तो बराच वेळ काही बोलला नाही.
चाकू अजून माझ्या टेबलावर होता,
वाटीपासून वीतभर.
तबकडी त्याच्याकडे थोडी वळली होती.

मी चाकू उचलून त्याच्या हातात दिला.
तबकडी डुलली, पलीकडे गेली, परत आली,
आणि थांबली.

स्क्रू मी बदलला नाही.
नवा होता माझ्याकडे.
पैसे विचारले तेव्हा काय सांगितलं, आठवत नाही.