भरती

किल्ली म्हणाले असते तर काही झालं नसतं.
पण माझ्या तोंडून चावी गेलं
आणि जुसारा जिन्यात थबकली.
शावी?
तिच्याकडंही तेच म्हणतात, ओठ जरा पुढं काढून.

मग दोन्ही बॅगा पायरीवर तशाच
आणि आम्ही न्हाणीघरात.
मी बादली म्हणाले, ती बाउदी.
घमेलं ओळखू आलं, तांब्या नाही.
निळ्या पिंपावर हात ठेवला तर हसायलाच लागली:
पीपा!
तिचा बाप पाण्याचा टँकर चालवायचा.
तिकडं त्याला म्हणे काहू-पीपा म्हणतात.
मी म्हटलं, अगं, तू तर समुद्राकाठची ना?
तिनं फोनला सांगितलं, फोननं मला,
बातम्या दिल्यासारखं, शुद्ध मराठीत:
समुद्र माझा आहे. वडील आतल्या प्रदेशातले होते.
तो प्रदेश असा आहे.
आणि गच्चीवरून हात फिरवला
प्लॉट पाडलेल्या मुरमावर, बाभळींवर,
पार औरंगाबाद रोडपर्यंत.

भाडेकरूचा फॉर्म घ्यायला जमादार सोनकांबळे आले.
चहा झाला. पासपोर्ट उलटासुलटा करून म्हणाले,
समुद्र सोडून जालन्यात कामून?
ती मक्याच्या बियाण्याच्या कंपनीत आहे,
हे मी सांगणार होते.
तिनं एकच शब्द टाकला: पगार.
तेवढ्यावर सही झाली.

चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी वर दिली.
तासाभरानं ताटली परत, घासूनपुसून.
हा आमचाच कंद, दोना अनसूया,
आम्ही रोज खातो.
म्हटलं, मग तुमच्या गावाला उपवासाचं पुण्य मोप साठलं असेल.
फोनला ते काही सांगता आलं नाही.

संध्याकाळी पाचला तिच्या आईकडं सकाळ होते.
आई फोन बाल्कनीबाहेर धरते,
दोन नव्या इमारतींच्या फटीतून
हातभर समुद्र दिसतो.
दिवाळीत वाव होता, जुसारा म्हणाली, दोन्ही हात पसरून.
मी तिला इथून मोती तलाव कुठं दिसायचा ते दाखवलं.
आता तिथं मंगल कार्यालयाची पाठ आहे
आणि तिच्यावर कुलरचे सहा डबे.

नळाला पाणी नवव्या दिवशी.
कोणत्या वेळेला, ते व्हॉल्व्हवाल्या रुस्तुमलाही ठाऊक नसतं.
रात्री अडीचला पाईप खोकला
की मी झाऱ्यानं दोनदा पाईपावर वाजवते,
वरून चमच्यानं दोनदा उत्तर येतं,
आणि मग दोन मजल्यांवर
बादल्या, पिंपं, पातेली, कुकरचं भांडंसुद्धा.
एकदा तिनं बूट भरायला घेतले होते.
चेष्टा होती, मला उशिरा कळलं.

पहिल्या आठवड्यात तिनं विचारलं होतं,
रात्रभर हे काय येतं आणि जातं?
मी म्हटलं, रोलिंग मिल. एमआयडीसीतली.
सळ्या ओढतात, वारा इकडचा असला की ऐकू येतं.
तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.
माझ्या! घरमालकिणीच्या!
पण ठेवला तो हळूच,
झोपलेलं मूल उठू नये म्हणून ठेवतात तसा.

परवा मिल बंद होती. काही दुरुस्ती होती म्हणे.
एवढी शांतता की भिंतीवरचं घड्याळ
मला नव्यानं ऐकू आलं.
वीस वर्षं झोपतेय मी या घरात,
आणि त्या रात्री डोळा लागेना,
कूस बदलून बदलून कंटाळले.
दोन वाजता पाईप वाजला.
दोनदा. वरून.

पाणी यायला अजून चार दिवस होते.
मी अंधारात झारा शोधला.